बावन्न वजा सत्तावीस, रात्री सव्वानऊला

मागच्या महिन्यात एका मंगळवारी रात्री सव्वानऊ वाजता आमच्या घरात बावन्नातून सत्तावीस वजा करण्यावरून भांडण झालं. लेक दुसरीत आहे. मी एकोणीस वर्षं बँकेत नोकरी करते. उत्तर पंचवीस येतं, यावर दोघींचं एकमत होतं. भांडण रीतीवरून होतं.

शाळेतून झेरॉक्सचा एक कागद आला होता. त्यावर आडवी रेघ, रेघेच्या एका टोकाला २७ आणि दुसऱ्या टोकाला ५२. मध्ये धनुष्यासारख्या तीन कमानी आणि प्रत्येक कमानीवर एक रिकामी चौकट. खाली सूचना होती, पण झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेल्याने तिचा शेवटचा शब्द पुसला होता. मी कागद उलटा केला आणि मला येतं तसं उभं मांडून दाखवलं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या पाचाकडून एक उसना घेतला, बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन. लेक म्हणाली, "आई, असं नाही. बाई उड्या मारतात." मी विचारलं, कसल्या उड्या? ते तिला धड सांगता येईना. वर्गात येत होतं, घरी आल्यावर गेलं.

नवऱ्याने टीव्हीवरून मान न वळवता निकाल दिला, "उत्तर बरोबर आलं ना? मग झोपा." वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोवर चाळीसेक मेसेज झाले होते. एकीने हिंदीतला व्हिडिओ टाकला होता. एका बाबांनी गणिताच्या ॲपला फोटो दाखवला होता आणि ॲपने तिसरीच रीत शिकवली होती. एकीने पूर्ण केलेल्या कागदाचा फोटो टाकला. त्यातल्या कमानी इतक्या सुबक होत्या, की त्या सात वर्षांच्या हाताने काढलेल्या नाहीत हे कुणालाही कळलं असतं. आमची लेक रडायला लागली, पण उत्तर येत नाही म्हणून नव्हे. "तुझ्यासारखं केलं तर बाई रागावतात, बाईंसारखं केलं तर तू रागावतेस," असं तिचं म्हणणं होतं. सात वर्षांच्या मुलीने इतकी नेमकी तक्रार मांडल्यावर माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही.

सोडवणूक केली सासूबाईंनी. त्या जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या, पण संगमनेरच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर पंचवीस-तीस वर्षं बसलेल्या. चष्मा लावून त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर सुटे परत द्यायचं गणित." मग डब्यातली नाणी काढून त्या नातीसमोर बसल्या. गिऱ्हाइकाने सत्तावीसचा माल घेतला आणि बावन्न रुपये दिले. "सत्तावीस. हे तीन, झाले तीस. हे वीस, झाले पन्नास. आणि हे तुझेच दोन तुला परत, झाले बावन्न." तीन, वीस आणि दोन. कागदावर कमानीही तीनच होत्या. लेकीचे डोळे मोठे झाले. मी मात्र खजील झाले, कारण रोज लाखांचे व्यवहार पास करणाऱ्या मला ही ओळखीची गोष्ट ओळखता आली नव्हती.

ज्या रीतीला आम्ही पालक 'नवीन काहीतरी खूळ' म्हणतो, ती बऱ्याचदा बाजारातली सगळ्यात जुनी रीत असते. वाणी, भाजीवाल्या, एसटीचे कंडक्टर, कुणीही कधी उभी मांडणी करून सुटे दिलेले नाहीत. सगळे लहानाकडून मोठ्याकडे मोजत जातात. उभी मांडणी ही कागदावरची सोय आहे. मोठ्या आकड्यांना ती फार उपयोगी पडते, मला तर तिच्यावाचून एक दिवस काढता येणार नाही. पण सात वर्षांच्या डोक्यात संख्येची जाण बसवायला ती काही फार चांगली जागा नव्हे. (लहानपणी मला तो 'उसना' प्रकार फार खटकायचा. शेजाऱ्याकडून घेतलेला उसना परत कधीच कसा देत नाहीत? बाईंना विचारलं तर म्हणाल्या, गणितात चालतं. पाच दशकांतला एक दशक सुटा करून त्याचे दहा एकक केले, एवढं कुणी सांगितलं असतं तर मी तो प्रश्न बँकेपर्यंत बरोबर नेला नसता.)

बाजार आणि शाळा यांच्यातली ही दरी मोजलीही गेली आहे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत माल विकणारी मुलं गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब तोंडी, बिनचूक करत होती. तसलंच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर दिलं की अडखळत होती. आणि जी मुलं नुसती शाळेत जात होती, बाजारात काम करत नव्हती, त्यांना कागदावरचं बरं यायचं पण बाजारातला हिशेब जमत नव्हता. संख्यारेषेवरच्या उड्या ही दरी बुजवायचाच एक प्रयत्न आहे. त्यामुळे बाईंच्या उड्यांवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्या उड्या रात्री सव्वानऊला माझ्या घरी पाठवण्यावर, आणि त्यासुद्धा शेवटचा शब्द पुसलेल्या कागदावरून.

या प्रकारचं मोठं नाटक महाराष्ट्राने २०१९च्या जूनमध्ये पाहिलं आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीस ते नव्याण्णव या संख्या आणखी एका पद्धतीने वाचायला दिल्या होत्या. एकवीसला वीस एक, सत्तावीसला वीस सात. मग काय, सगळा महाराष्ट्र भाषातज्ज्ञ झाला. विधानसभेत अजित पवारांनी मुख्यमंत्र्यांच्या आडनावाची 'फडण दोन शून्य' अशी फोड केली. मीही तेव्हा दोन-चार विनोद पुढे ढकलले होते, हे कबूल केलं पाहिजे. तेव्हा मला मूल नव्हतं.

आता लेकीला श्रुतलेखनात सत्तावीस सांगितलं की ती ७२ लिहिते, आणि मला मंगला नारळीकर आठवतात. बालभारतीच्या गणित समितीच्या त्या तेव्हा अध्यक्ष होत्या. जुनी नावं काढून टाकलेली नाहीत, दोन्ही पद्धती पुस्तकात आहेत, जोडाक्षरांनी भरलेली ही नावं लहान मुलांना जड जातात, असं त्या परोपरीने सांगत होत्या. अडचण खरीच आहे. आपण सत्तावीस म्हणताना सात आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. कानाचा क्रम एक, हाताचा क्रम दुसरा. शेजारच्या कन्नडमध्ये एकवीसला इप्पत्तोंदु म्हणतात, म्हणजे सरळ वीस आणि एक. शिवाय आपल्याकडे एकोणतीस, एकोणसाठ, एकोणनव्वद असं 'एक उणे' करत मूल नव्याण्णवपाशी पोचतं, तेव्हा नियमाप्रमाणे तिथे 'एकोणशंभर' हवं. ते नसतं. मी भाषेवर प्रेम करणारी बाई आहे, मला त्र्याण्णव हा शब्द उच्चारायला आवडतो, आणि तो टिकावा असं मनापासून वाटतं. पण सात वर्षांचं मूल ७२ लिहितं तेव्हा त्याच्या हातून मूर्खपणा घडत नसतो, त्याने ऐकलं तसं लिहिलेलं असतं. हे मला कळायला घरी एक वही उघडावी लागली.

तेव्हाचा बदल बरोबर की चूक, यावर अजूनही वाद घालता येईल. पण तो बदल हास्यास्पद ठरला तो गणितामुळे नाही. बहुतेक आईबापांना तो कळला टीव्हीवरच्या चर्चेतून किंवा मुलाच्या दप्तरातून. शाळेत बोलावून, फळ्यासमोर बसवून, 'तुमचं मूल या वर्षी असं वाचणार आहे आणि त्याचं कारण हे' असं सांगणारं माणूस त्यांना भेटलं नाही. आणि ज्याचं कारण कळत नाही, त्याची माणसं टिंगल करतात. आमच्या घरी मंगळवारी जे झालं, ते त्याच गोष्टीचं एका खोलीपुरतं रूप होतं.

खरं म्हणजे दुसरीच्या मुलीला गृहपाठ असायलाच नको, असं सरकारच सांगतं. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ सालीच लिहून ठेवलं, की प्राथमिक वर्गांत गृहपाठ नको, घराच्या आसपास काही शोधायचं-पाहायचं असेल तेवढंच द्यावं. मे २०१८मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीच्या गृहपाठाला मनाई करणारा आदेश दिला आणि त्याच वर्षी केंद्राने राज्यांना तसं कळवलं. केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणात तर तासांचा हिशेब आहे: दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याला. आमच्या मंगळवारचा एकट्याचाच हिशेब दीड तास झाला.

मग शाळा का देतात? दुखरी नस आपलीच आहे. वही कोरी दिसली की आपणच विचारतो, 'शाळेत काही शिकवत नाहीत का?' ज्या शाळेत लहान मुलांना गृहपाठ नसतो, तिच्याबद्दल सोसायटीच्या बाकड्यावर काय बोललं जातं ते मी ऐकलं आहे. फी भरतो म्हणजे मोबदल्यात कागद आला पाहिजे, असा हिशेब असतो. बाईंनाही वरून विचारणा असते, वह्या तपासल्याच्या सह्या दाखवाव्या लागतात. वर्गात चाळीस मुलं, त्यात निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरणं. वर्गात जे पुरं झालं नाही ते घरी जातं. म्हणजे गृहपाठ मुलाच्या सरावासाठी येत नाही. तो बऱ्याचदा वर्गातला अपुरा राहिलेला तास असतो आणि तो आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसतो.

आणि तो कुणापुढे बसतो, तेही पाहावं. आमच्या ग्रुपवर गृहपाठाचे मेसेज करणाऱ्यांत आयाच जास्त. ज्या घरी आई रात्रीच्या पाळीला जाते, किंवा आईबाप ऊसतोडीला गेलेत आणि पोर आजीकडे आहे, तिथे हा कागद कोण उलगडणार? आमच्या भागात गल्लीतल्या प्रत्येक तिसऱ्या घरावर पाटी दिसते, 'पहिली ते चौथी, सर्व विषय, गृहपाठ करून घेतला जाईल'. करून घेतला जाईल! भाषा प्रामाणिक आहे. दुसरीच्या मुलाला शिकवणी लागते ती त्याला गणित येत नाही म्हणून नाही, तर घरच्यांना प्रश्नच कळत नाही म्हणून, आणि त्याचे महिन्याला पैसे जातात.

प्रश्न न कळण्यात कधीकधी आपला दोष मुळीच नसतो. प्रश्नच फसलेला असतो. गेल्या सत्रात परिसर अभ्यासाच्या कागदावर होतं: गटात न बसणारा शब्द ओळखा. मांजर, गाय, कोंबडी, कुत्रा. नवरा म्हणाला कोंबडी, तिला दोनच पाय आहेत. मी म्हटलं, गायसुद्धा होईल, बाकीच्या तिघांना किडामुंगी, मांसमच्छी काहीही चालतं, हीच एक गवतावर जगते. सासूबाई म्हणाल्या मांजर, कारण ते कुणाचंच नसतं, जिथे दूध तिथे त्याचं घर. लेकीने 'गाय' लिहिलं. कारण विचारलं तर म्हणाली, "ती आपल्या जिन्यात येत नाही." चारही उत्तरांना कारणं आहेत आणि लेकीच्या कारणात निरीक्षण सगळ्यात ताजं आहे. वहीत तिला लाल फुली मिळाली. उत्तर 'कोंबडी' होतं. कारण लिहायला कागदावर जागाच ठेवलेली नव्हती. अशा प्रश्नातून मूल प्राण्यांबद्दल काही शिकत नाही. बाईंच्या मनात काय आहे ते ओळखायला शिकतं.

प्रकल्पांबद्दल तर बोलायलाच नको. आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याला कोणत्या शाळेत कोणत्या आठवड्यात कोणता प्रकल्प आहे हे शाळेच्या आधी कळतं असा माझा संशय आहे. 'पाण्याची बचत' का? तयार चित्रं दहा रुपयांना, आइस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट वेगळं. रात्री नऊला तिथे उभे असलेले सगळे बाप एकमेकांना ओळखतात.

कुणी म्हणेल, आमच्या वेळी नव्हता का गृहपाठ? होता. पाढे, शुद्धलेखन, दहा गणितं. कंटाळवाणा होता, आणि न केल्यावर मिळणाऱ्या छड्यांची आठवण कुणी गोड करून सांगू नये. पण एक गोष्ट त्यात बरी होती. माझ्या वडिलांनी माझी वही कधी उघडली नाही आणि त्याची गरजही पडली नाही. ज्यांचे आईबाप सही करायला अंगठा उठवत, ती मुलंसुद्धा तो गृहपाठ आपला आपण करून आणत. काम नीरस होतं, पण मुलाचं होतं. आज काम रंगीत आहे, कल्पक आहे, कधी खरोखर चांगलंही आहे, पण ते मुलाचं राहिलेलं नाही. म्हणून माझी कसोटी साधी आहे. जे काम सात वर्षांचं मूल मोठ्या माणसाच्या मदतीवाचून सुरू करू शकत नाही, ते त्याचा गृहपाठ म्हणून घरी पाठवू नये. ते वर्गात करावं. आणि वाटलंच की घरच्यांनीही त्यात यावं, तर आधी घरच्यांना बोलवावं.

यासाठी नवा कायदा लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकांनी पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची प्रगती आणि इतर माहिती सांगायची, असं कर्तव्यच घातलेलं आहे. सभा होतातही. आमच्या गेल्या सभेचा दीड तास बसची वेळ, स्नेहसंमेलनाच्या पोशाखाची वर्गणी आणि डब्यात बिस्किटं नकोत, यात गेला. त्यातली वीस मिनिटं काढून बाईंनी फळ्यावर एक रेघ ओढली असती आणि सत्तावीसपासून बावन्नपर्यंत उड्या मारून दाखवल्या असत्या, तर चाळीस घरांतले मंगळवार वाचले असते. व्हिडिओची लिंक पाठवणं म्हणजे समजावणं नव्हे. व्हिडिओला उलट प्रश्न विचारता येत नाही.

आणि आपल्या बाजूने एक गोष्ट आपण आज रात्रीपासून करू शकतो, पण ती फार जड जाते. गृहपाठ करून देणं थांबवणं. सुबक कमानी काढून पाठवल्या की बाईंना वाटतं वर्गाला समजलं, आणि त्या पुढच्या धड्यावर जातात. आपण मुलाची चूक झाकतो तेव्हा बाईंना मिळणारी एकुलती एक खबर आपण अडवून धरतो. दुसऱ्याच्या नावाने खोटी सही करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी काउंटरवरून परत पाठवते, आणि घरी येऊन लेकीच्या अक्षरात बेरीज लिहिते, हे माझं मलाच त्या रात्री पटेनासं झालं.

सासूबाईंनी नाणी डब्यात भरल्यावर लेकीने कागदावर स्वतः उड्या काढल्या. तीनऐवजी चार काढल्या, कारण वीसची एक उडी तिला फार लांब वाटली. तिने दहा-दहाच्या दोन केल्या. एक कमान कागदाबाहेर गेली. मी काही दुरुस्त केलं नाही. खाली पेन्सिलीने लिहिलं, 'सूचना आम्हाला नीट कळली नाही. मी वेगळ्या पद्धतीने शिकवू लागले होते, त्याने तिचा गोंधळ झाला. जे केलं आहे ते तिचं तिने केलं आहे.' पाठवताना धाकधूक होती. अशा चिठ्ठ्यांमुळे मुलावर राग निघतो, असं ग्रुपवर नेहमी म्हणतात.

गुरुवारी कागद परत आला. चार उड्यांवर बरोबरची खूण होती. माझ्या चिठ्ठीखाली बाईंनी लाल पेनाने लिहिलं होतं, 'मलाही ही पद्धत याच वर्षी प्रशिक्षणात समजली. शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबाल का? अजून कुणी येत असतील तर त्यांनाही आणा.'

मी ग्रुपवर टाकलं. अंगठे तीसेक आले. शनिवारी आम्ही अकरा जण गेलो. त्यात बाप दोन होते, आणि त्यातला एकही आमच्या घरचा नव्हता.